नावाच्या पट्ट्या

त्या बुधवारी मुहर्रकच्या आमच्या गल्लीत
सगळ्यांनी शटरं अर्धी ओढून घेतली होती.
समोरचा केरळी चहावाला पेले एकेक करून
कागदात गुंडाळत होता, घर बदलायचं असावं तसा.

तेव्हा ते आले. अकरा जण,
गणवेश हातावर टाकून.
गडद निळं कापड, पाच वर्षं मीच कापतोय,
काखेतली शिवण झोपेतही घालीन.

"उस्ताद, नावाची पट्टी काढून दे."
ढिलं करायचं नव्हतं, लांबी कमी करायची नव्हती.
छातीवरचं नाव तेवढं.

का, म्हणून मी विचारलं नाही.
हिंमत नव्हती हे खरं.
गिऱ्हाइकाला का विचारू नये हेही खरं.
या दोन खऱ्यांच्या मधून मी ब्लेड घातलं.

नाव शिवायला वेळ लागतो. चार बाजू, दुहेरी टाका,
अक्षरावरून सुई जाऊ द्यायची नाही.
उसवायला एक कोपरा पुरतो,
मग ओढलं की येतं.
शंभर फिल्स एकाचे. अकराशे गल्ल्यात.

दिलमुराद मागे रेंगाळला.
पसनीचा, बापाची होडी होती त्याच्या;
मी हर्णैचा. पापलेट तुमचं चांगलं की आमचं
यावर आम्ही तासन्‌तास भांडलेलो.
म्हणाला, "चौकात ते काय बोलतात, कळत नाही.
कळत नाही म्हणूनच तर आणलंय आम्हाला."
मग पायातल्या बुटांकडे बघत,
"जलील मास्तर आहेत का रे तिथे?"

मास्तरांनीच याच टेबलावर, माझ्या खडूने,
त्याला त्याचं नाव अरबीत काढून दिलं होतं.
मी फक्त त्यावरून दोरा फिरवला.
माझ्या मापाच्या वहीत दोघे एकाच पानावर:
मास्तर, झगा, छाती बेचाळीस.
दिलमुराद, साडेएकेचाळीस, श्वास सोडून.

"असतील," मी म्हणालो.
तो पैसे ठेवून गेला. सुटे परत घेतले नाहीत.

पहाटे तीनला जे झालं ते मी पाहिलं नाही.
कफीलला हेच सांगितलं, तुम्हालाही सांगतो.
पोटमाळ्यावर पडून होतो, तोंडात उशीचा कोपरा.
सकाळी गल्लीभर वास,
कुणाच्या तरी चुलीवर मिरच्या करपल्यासारखा,
आणि चहावाल्याची मांजर सारखी शिंकत होती.

सतराव्या दिवशी उम्म हानी आली, मास्तरांची बायको.
झगा घेऊन आली. पाठीला भोक, कडा जळलेल्या.
मी म्हणालो, बाई, हे रफू होणार नाही.
तिला रफू नकोच होतं.

"त्यांच्यातल्याच एकानं उचलून आणलं," ती म्हणाली,
"इस्पितळाच्या दारापर्यंत, खांद्यावर.
ढाल कुठेतरी टाकून दिली होती त्यानं.
मास्तर सकाळपर्यंत जगले. माझ्याशी बोलले.
त्या पोरासाठी दुआ मागायचीय मला,
पण छातीवर बघितलं तर नाव नव्हतं.
नुसते टाक्यांचे ठिपके.
तू शिवतोस ना त्यांचं? तुला ठाऊक असेल."

माझ्या मागे फळीवर बिस्किटांचा डबा होता.
त्यात अकरा नावं.

ठाऊक नाही, मी म्हणालो.
ढाल टाकणाऱ्याला काय करतात
ते मात्र ठाऊक होतं.

झगा घडी घालून ती गेली.
दहा जण पट्ट्या लावून घ्यायला आले एकेक करून,
हसत, भाव करत, नेहमीसारखे.
मी लावून दिल्या.

डब्यात आता एकच आहे.
कधी तरी रात्री काढून दिव्याखाली धरतो.
दोऱ्याच्या आड, त्या शेवटच्या दाल अक्षराच्या वळणाला
मास्तरांचा खडू अजून थोडा उरलाय.
मी श्वास रोखून धरतो,
उडू नये म्हणून.