फक्की

रविवारी सहाला मी मैदानावर असतो,
रेंजहिल्सला, लष्कराच्या भिंतीलगत.
हातात बादली, बादलीत फक्की.
बुडाला मीच खिळ्यानं भोक पाडलंय,
चालत गेलं की मागे रेघ पडते.
गुडघा कळवळला त्या जागी
रेघही जराशी लंगडते.
पोरं विचारतात, काका, हे डी आहे की भाकरी?

एक्क्याण्णवची फायनल इथंच झाली.
आम्ही खडकीचे, ते घोरपडीचे.
फॅक्टरीचा भोंगा नुकताच होऊन गेलेला,
हँडलला डबे लटकवून माणसं
सायकलीवरूनच एक पाय टेकून बघत होती.
शून्य-शून्य. दोन मिनिटं उरलेली.
त्यांना कॉर्नर मिळाला.
चेंडू आला, फ्रान्सिसचं डोकं आलं,
आणि गोलरेषेवर माझा डावा हात.
मी नेला नाही, तो गेला,
असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगायचो.

रेफ्रीच्या समोर चारपाच पाठी होत्या.
सगळी घोरपडी ओरडली, हँड! हँड!
मी दोन्ही हात वर केले,
निर्दोष माणसं करतात तसे.
डावी मूठ तेवढी मिटलेली,
आत ओला चिखल.

पुढे एक्स्ट्रा टाइम, पुढे आमचा गोल,
पुढे खडकी बाजारातून ताशा.
कुणीतरी मला खांद्यावर घेतलं.
खांद्यावरून सगळं लहान दिसतं,
आपला हात सोडून.

मागच्या रविवारी मुलींची मॅच होती, बाराच्या आतल्या.
मेहरीन बागवान, बोपोडीची,
थोरल्या भावाची जर्सी गुडघ्यापर्यंत,
तिनं बरोबरीचा गोल मारला.
शिट्टी झाली, पोरी तिच्यावर तुटून पडल्या.
त्या ढिगातून ती सरपटत बाहेर आली
आणि रेफ्रीला म्हणाली,
"सर, माझ्या हाताला लागला."
असंच. वही घरी राहिली म्हणावं तसं.

खिलारे सर बाकावरून उठले, बसले, पुन्हा उठले.
गोल गेला. मॅच गेली.
नंतर ती नळावर उगाचच तोंड धूत राहिली,
मैत्रिणी दुसऱ्या नळावर.
मी बिस्किटाचा पुडा पुढे केला.
तिनं दोन घेतली, आणि रडणं चालूच ठेवलं.

संध्याकाळी मी घोरपडीला गेलो,
फाटकाजवळ, चर्चच्या मागच्या गल्लीत.
फ्रान्सिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,
पायरीशी खुर्ची टाकून लसूण सोलत होता.
मी म्हणालो, "एक्क्याण्णव."
पुढचं वाक्य वाटेत पाठ केलं होतं,
ते आलंच नाही.

"हात," तो म्हणाला. "माहीत आहे."
एक पाकळी सोलून झाली.
"पण दिघे, तो कॉर्नरच नव्हता.
शेवटचा चेंडू माझ्याच पायाला लागला होता.
तू लाइन्समनच्या नावानं बोंबलत होतास,
मी खाली वाकून लेस बांधत होतो.
लेस सुटली नव्हती."

आम्ही लगेच हसलो नाही.
फाटक पडलं. मालगाडी आली.
डबे मोजायची खोड दोघांनाही लहानपणापासून.
मी म्हणालो छप्पन्न. तो म्हणाला अठ्ठावन्न.
कुणीच ताणून धरलं नाही.
स्टेलानं चहा आणला,
आणि तीस वर्षं या दोन म्हाताऱ्यांनी
एकमेकांचं घर का चुकवलं, असं विचारलं.
आम्ही चहाकडे बघितलं.

आज पुन्हा रविवार. तळवा पांढरा.
मेहरीन सगळ्यांच्या आधी आलीय,
एकटीच भिंतीवर चेंडू मारतेय.
मी हाक मारली, बादली तिच्या हातात दिली,
भोक बोटानं कसं दाबायचं ते दाखवलं.
"गोलरेषा तू मार," म्हणालो,
आणि बाकावर येऊन गुडघा चोळत बसलो,
पाठमोरा, फाटलेल्या जाळीला गाठी मारत.

"काका," मागून आवाज आला,
"मधे थोडी वाकडी गेली."

मी विचारलंच नव्हतं.