भार देऊन

तळवा प्लेटवर सपाट ठेवा, काका.
गुडघा थोडा वाकवा. अजून. हां, बस.
गार लागते, माहीत आहे.
जानेवारीत रावपुऱ्यातली फरशीसुद्धा इतकी गार नसते.

मी टाच धरली, तर पाय झटकन मागे.
'अहो, पायाला हात नका लावू, ताई.'
सगळेच म्हणतात. दिवसाला तीस-चाळीस पावलांशी वाकते मी,
नमस्कार त्यात एकही नसतो.
परवा एक म्हातारी सवयीनं 'औक्षवंत हो' म्हणून गेली,
तेवढीच वरकमाई.

नळी टाचेकडे दहा अंश कलती,
उजेडाची फुली पावलाच्या उंचवट्यावर,
शिशाचं 'आर' करंगळीपाशी.
हलू नका म्हटलं,
तर काकांनी श्वासच रोखला.
पायाच्या फोटोला श्वास नाही हो रोखावा लागत.
तरी रोखतात.

मनोहर खोपकर, वय एकाहत्तर.
मांडवीजवळ बुटांच्या दुकानात बेचाळीस वर्षं.
'बुटक्या स्टुलावर बसून
अर्ध्या बडोद्याची पावलं या मांडीवर घेतली.
डावा-उजवा सारखा कुणाचाच नसतो, ताई,
मोठ्याच्या मापानं द्यायचा बूट,
आणि पुढे अंगठ्याएवढी जागा.
माझं पाऊल मात्र…'
पुढे बोलले नाहीत.

आता तिरका. करंगळीची कड उचला,
अंगठ्याकडे कलू द्या, खाली पाचर देते.
दारातून कुणीतरी: 'बेन, केटली वार?'

शेवटचा उभ्यानं.
त्या लाकडी पाटावर चढा,
दोन्ही पायांवर सारखा भार.
चढले, पण सगळं वजन डावीकडे.
उजव्याला इतके दिवस असंच सांभाळलं असणार,
जिन्यात, रांगेत, देवापुढे.
टाका, काका. दुखेल.
भार दिल्याशिवाय कमान किती खचली ते दिसत नाही.
त्यांनी कठडा धरला.
टाकला.
मी बटण दाबलं.

पडद्यावर टाच, आणि टाचेखाली
बाभळीच्या काट्यासारखं वाढलेलं हाड.
बराच वेळ बघत राहिले.
'आठ नंबर,' म्हणाले, 'हाडांवरनंही कळतो.'
मग नजर खाली, माझ्या पायांकडे:
'तुम्ही अर्धा नंबर लहान घालता.'

रिपोर्ट उद्या चारनंतर, मी म्हटलं.
ते गेले, उजवी टाच
जमिनीला न लावता.

पुढचा पेशंट आत येईतो
मी बुटात अंगठा हलवून पाहिला.
जागा नव्हती.