चोविसावं कलम

रविवारी दुपारी, कॅम्पातल्या चर्चच्या मागच्या खोलीत
दृढीकरणाच्या वर्गाला आम्ही चौघं:
मी, अब्नेर मास्तरांचा नातू योथाम,
खानापूरहून बसनं येणारी केझिया,
आणि बसवंतप्पा, ज्याचा बाप्तिस्माच झाला नव्हता,
तो बिस्किटांसाठी यायचा.

कलमं एकोणचाळीस.
मास्तर पाढ्यांसारखी म्हणून घ्यायचे.
शेवटची दोन आम्हाला आली नाहीत कधी,
ती वाळवीनं आमच्याआधी पाठ केली होती.

"हे सगळं सुरू कुणी केलं?" योथामनं विचारलं.
मास्तरांनी चष्मा पुसला, धोतराच्या सोग्यानं, बराच वेळ.
"राजा होता एक. बायको नको झाली त्याला.
ती आधी त्याच्या भावाची.
रोमहून सोडचिठ्ठी मिळेना,
तर म्हणाला, माझ्या मुलखात मीच."
"एवढंच?" केझियाचा चेहरा पडला.
"त्यानं नुसतं दार ढकललं, पोरी.
आत शिरले ते निराळेच लोक,
बोटं शाईनं काळी झालेले.
भाकर भाकरच राहते की नाही,
एवढ्या एका वाक्यापायी जळाले त्यातले काही."

मग चोविसावं आलं:
लोकांना कळत नाही अशा भाषेत
मंडळीत प्रार्थना करणे
देवाच्या वचनाला विरुद्ध आहे.

बसवंतप्पानं तोंडातलं बिस्कीट गिळलं.
"लोक म्हणजे कुठले की, मास्तर?"

बाहेर नाक्यावरच्या पाटीला
त्या आठवड्यात तिसऱ्यांदा डांबर फासलं होतं.
खाली कुठली अक्षरं होती ते आता आठवत नाही.
आठवतं. सांगत नाही.

मास्तर आठाची उपासना मराठीत चालवत,
दहाची कानडीत,
आणि महिन्यातून एकदा इंग्रजीत, तीन म्हाताऱ्यांसाठी,
त्यातल्या एकीला ऐकूच येत नसे.
दानपेटीतले पैसे कानडीत मोजत,
चुकले की मराठीत चिडत.
त्या दिवशी एवढंच म्हणाले, "सुम्म कुंद्री,"
आणि डबा पुढं सरकवला.

ते गेले तेव्हा
दगडावर कुठली लिपी, यावर कमिटी रात्री अकरापर्यंत बसली.
नाव नकोच, नुसती सालं कोरू, असं ठरलं.
मग आकडे कुठले,
यावर पुन्हा बसली.

दगड अजून कोरा आहे.
केझिया म्हणते, बरंय की, कळतंय सगळ्यांना.
मला तेवढी खात्री नाही.

त्याच्या शेजारी एका गोऱ्या पाद्र्याची मुलगी आहे,
हातभर कबर,
वर चार ओळी, लॅटिनमध्ये,
जी भाषा हटवायला एवढं सगळं झालं.
गावात कुणालाच वाचता येत नाहीत.
बसवंतप्पा वर्षातून एकदा येतो,
मास्तरांच्या दगडावरची पानं झाडतो
आणि जाताना
तिच्याही.