सहा फूट

चकाल्याच्या गावठाणात आमचं आडनाव मुर्झेलो,
पण मला ओळखायचे 'खणणाऱ्याची पोर' म्हणून.
बा, नाताल मुर्झेलो, मिसेला मागच्या बाकावर बसायचा,
नखांतली माती मुठीत लपवून.

फिलू विहिरीत गेली तेव्हा मी आठ वर्षांची.
पादरींनी पुस्तक उघडलंच नाही, त्यांना ते पाठ होतं.
घंटा नाही. तीर्थाचा थेंब नाही.
जागा सिमेटरीच्या भिंतीबाहेर, करवंदीच्या जाळीत,
आणि तीन फूट पुरे झाले,
असं जोकिम मुकादम बाला म्हणाले,
जणू खोलीचेही पैसे पडत होते.

बाने मान डोलावली.
मग कंदील घेऊन एकटा गेला.
मी भाकरी पोचवायला गेले तेव्हा
खड्ड्यातून त्याच्या टोपीचा शेंडा तेवढा दिसत होता.
"बा, तीन म्हणाले होते ना?"
"म्हणाले होते."
फावडं थांबलं नाही.

पुढे महापालिकेला रस्ता रुंद हवा झाला.
समोरून दहा फूट घेतले, मागे दहा फूट दिले.
आठवड्यात जुनी भिंत पडली, नवी उभी राहिली.
जोकिम मुकादम,
शेवटचं तेल, तीन पादरी, संगमरवरात नाव,
आता बसस्टॉपखाली आहेत.
हाडं हलवायचा अर्ज वॉर्ड ऑफिसात कुठेतरी आहे.
आणि फिलू,
कूसही न बदलता,
आत आली.

मग नवे फादर आले, हळू बोलणारे.
म्हणाले, आता तसं मानत नाहीत.
मन आजारी असतं, दोष हलका होतो.
फिलूची आई कार्मेलीन पहिल्या बाकावर होती.
"आता म्हणजे कधीपासून, फादर?"
त्यांनी साल सांगितलं.
"आणि त्याच्या आदल्या साली देव काय मानत होता?"
इगर्जीतले पंखे तेवढे करकरत राहिले.
"ते मला माहीत नाही, माय," फादर म्हणाले.
त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे कबुलीला जाऊ लागले.

पण मी नरम नाही, हेही सांगते.
माझ्या भावाने, बस्त्यावने,
मावशी गुंगीत असताना तिचा अंगठा
बिल्डरच्या कागदावर टेकवला.
मी आज्ञा म्हणून दाखवली, आकड्यासकट.
तो हसला. "काळ बदललाय, बाय.
शब्दाला चिकटू नये. अर्थ घ्यावा."
त्या रात्री मला दगडी पाटीच हवी होती.
कोरलेली, जड,
त्याच्या डोक्यात घालता येईल अशी.

रविवारी मी पोरांकडून दहाही पाठ करून घेते.
एल्रॉय नावाचा एक आहे, पेन्सिल चावणारा.
"टीचर, भिंत सरकते,
मग नियम सरकतो का?"
मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते.
त्याला आता मिशी फुटली आहे.

बा गेला मागच्या चाळीसव्रतात.
जागा मिळाली मागच्या अंगाला, फिलूपासून चार पावलांवर.
खणायला परक्या गावची दोन पोरं,
घामेजलेली, लवकर सुटायच्या घाईत.
तीन फुटांवर पहार खणकली.
खाली दगड, चुन्याने सांधलेले, एका रेषेत.
जुन्या भिंतीचा पाया.
मी इतकी वर्षं समजत होते, ती सगळीच गेली.

"मॅडम," एकाने वर पाहिलं,
"फोडायचा की इथेच थांबायचं?
तीन पण चालतात हल्ली."

पेटी उन्हात टेकवलेली.
फादर घड्याळ बघत नव्हते, बघितल्यासारखं करत होते.
मी पर्समधून टेप काढला,
एक टोक बोटांत धरलं
आणि दुसरं खाली सोडलं.