पंच्याऐंशी रुपयांची भरमार

चांदा अजून चांदाच होतं तेव्हा.
सिंदेवाहीहून छोट्या गाडीनं
मी आणि डोमामामा.
मामाच्या कोपरीत पंच्याण्णव रुपये;
त्यातले दहा तिकिटाचे, चिवड्याचे
आणि मामीच्या फणीचे.
उरले ते बंदुकीचे.

जटपुरा गेटाच्या आत तय्यबअलींचं दुकान.
काचेमागं दोन नळ्यांच्या, विलायती, तेल प्यालेल्या.
लग्नघरी शेजाऱ्याच्या ताटात पाहू नये
तसं मामानं त्यांच्याकडं पाहिलं नाही.
"ठासणीची दाखवा," म्हणाला,
"चितळापुरती. कागदात तेवढंच लिवलं हाये."

घोंगडीवर तीन आल्या.

पहिली देखणी. दस्त्यावर वेलबुट्टी,
नळीच्या पोटात आट्या कापलेल्या.
"रायफल आहे," तय्यबअली हळू बोलले,
"ऐंशी पावलांवरून सुपारी फोडते. एकशे चाळीस."
मामानं खांद्याला लावली. बराच वेळ लावून ठेवली.
मग उतरवली.
"सुपारी आमी अडकित्त्यानं फोडतो."

दुसरी साठाची.
मामानं नळीच्या तोंडाला तोंड लावलं
आणि मला म्हणाला, टोपी बसते तिथं गाल धर.
फुंकलं.
गालावर काहीच नाही,
हनुवटीवर मात्र तंबाखूचा वास,
भलत्याच फटीतून आलेला.
"हे चितळाले नाई मारत," मामा म्हणाला,
"हे धन्याले मारते."

तिसरीचा दस्ता तडकलेला,
पितळी तारेनं आवळलेला.
गज मूळचा नव्हे,
कुणीतरी सागाच्या फांदीचा तासून घातलेला.
मामानं लोखंडी गज मागून घेतला, आत सोडला.
टण्ण.
रिकाम्या नळीच्या तळाचा आवाज,
हौदाच्या दगडावर घागर टेकावी तसा.
पुन्हा सोडला. टण्ण.
घोडा चढवला, अंगठ्यानं उतरवला,
चढवला, उतरवला,
कान जवळ नेऊन,
जसा वैदू पोट ऐकतो.

एकशे पाच. नव्वद.
मामा चप्पल घालू लागला.
पंच्याऐंशी, आणि टोप्यांची एक डबी वर.

फणी शिंगाची घेतली, बाजारातून.

गाडीत बंदूक माझ्या मांडीवर, गोणपाटात.
मी विचारलं,
एकच बार? आणि चुकला तर?
मामा खिडकीतून धानाच्या बांध्या पाहत होता.
"दुसरा बार ठासाले जेवढा येळ लागते,
तेवढा चितळाचा हक्क हाये."

मार्गशीर्षात मचाणावर बसलो.
बांबूच्या पेरात दारू मोजून,
वर चिंधी, वर गोळी, वर चिंधी,
गज ठासून, टोपी चढवून.
थंडीनं पाठीला लाकूड फुटलं होतं.
पहाटेकडं सात आले. एक शिंगवाला.
आमच्याच बांधीत, आमचंच धान,
बैलासारखं हक्कानं.
मामानं घोडा सोडला.

टक्.

टोपी सादळली होती.
शिंगवाल्यानं मान वर केली.
सहा पळाले. तो थांबला.
मामानं टोपी नखानं काढली,
दुसरी काखेत धरली, गरम केली, फुंकली,
बसवली. पडली. शोधली. पुन्हा बसवली.
एवढा वेळ
तो उभाच, तोंडातली लोंबी चावत.
त्याचा हक्क तो वापरतच नव्हता.

घोडा पुन्हा चढला.
आणि मला खोकला आला.

आला म्हणजे,
आणला.

धानात फक्त सळसळ राहिली.
मामानं अंगठ्यानं घोडा खाली घेतला, अलगद,
दुकानात घेतला होता तसाच.
बिडी पेटवली.
माझ्याकडं न पाहता म्हणाला,
"सकाळी अडुळशाचा काढा घेजो."

आठ दिवसांनी, मी मचाणावर नसताना,
एक पडला.
वाटा आला पळसाच्या पानात.
मी दोनदा वाढून घेतलं.
खोकला तेव्हा नव्हता.