माहीत असलेले दोष

कॉलीन म्हणाली, आधी वास काढा.
नाक नाही मुरडलं तिने, चांगली बाई आहे,
फक्त खिडकी उघडली, मार्चमध्ये, बाहेर बर्फ असताना.
एकतीस वर्षांचा हिंग
टोलिडोच्या थंडीत उंबऱ्याशी उभा राहिला, जाईना.

मग रंगारी आला.
हॉलची ती कैरीसारखी हिरवी भिंत,
जिच्यापायी आम्ही दोन दिवस अबोला धरला होता,
दुपारपर्यंत ओटमीलच्या रंगाची झाली.

फोटो उतरवा. येणाऱ्यांना इथे स्वतःला बघता आलं पाहिजे.
अवधूतने खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवली.
त्रेचाळीस. त्याने मोजली.
जो नळ मी एकोणीस वर्षं फडकं बांधून गप्प ठेवला
तो त्याने एका शनिवारी वीस मिनिटांत दुरुस्त केला.
मी काही बोलले नाही.
वीस मिनिटं.

ओट्यावर हळदीचा डाग, मिक्सरच्या जागेशेजारी.
त्यावर आता वाडगा, वाडग्यात प्लॅस्टिकची लिंबं.
देव टॉवेलांच्या कपाटात गेले,
बाळकृष्ण हातरुमालांवर,
अन्नपूर्णा अभ्र्यांच्या घडीत, पळीसकट.
सकाळी दार किलकिलं करून मी नुसते हात जोडते.
उदबत्ती नाही. कॉलीन कधीही येते.

रात्री अवधूत फॉर्म भरत बसतो.
घरातले माहीत असलेले दोष.
तळघरात कधी पाणी आलं होतं का?
लोक ‘नाही’ लिहून मोकळे होतात.
हा तारीख लिहितो, इंच लिहितो,
जागा पुरत नाही म्हणून वेगळा कागद जोडतो,
त्यावर पाणी कुठवर चढलं त्याचं चित्र, बाण काढून.
मला विचारतो, अजून काही आठवतं?

आठवतं.
ऋजुताने वरच्या खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावली होती
ते दोन हजार तीनचं अख्खं एप्रिल.
बिजागरी तेव्हापासून कुरकुरते.
मी म्हणते, बिजागरी लिही.

शेजारची मिसेस कोवाल्चिक दुखरा गुडघा सांभाळत आली,
टिश्यूच्या पुरचुंडीत सेंट जोसेफ घेऊन,
प्लॅस्टिकचा, अंगठ्याएवढा.
पुढच्या अंगणात पुरायचा, डोकं खाली, तोंड घराकडे.
घर हमखास विकलं जातं.
आणि गेलं की आठवणीने काढून नव्या घरी न्यायचा,
नाहीतर, ती म्हणाली,
आणि पुढे काही म्हणालीच नाही.

आपल्याकडे देव पाण्यात घालून बसतात,
मी अवधूतला म्हटलं, यांच्याकडे मातीत.
इंजिनियर माणूस. मला वाटलं, हसेल.
तो गराजमधून फावडं घेऊन आला.
फूटभर पुरे? एवढंच विचारलं.

लोक घर बघायचे तेव्हा आम्ही गाडीत,
सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये,
थर्मासचा चहा, गार थालीपीठ, काचा बंद.
निदान गाडीला तरी वास राहू दे.
एकदा लवकर परतलो तर आत दिवे लागलेले,
सोफ्यावर कोणाच्या तरी पांढऱ्या उशा.
छान आहे गं, तो म्हणाला. कितीला असेल?

नवव्या दिवशी गेलं.
एक तरुण जोडपं, मूल व्हायचंय अजून.
पाण्याचं चित्र त्यांना फार आवडलं म्हणे,
बाण विशेष.

आता मे. गवत घोट्याएवढं. जोसेफ सापडत नाही.
मेपलपासून चार पावलं, मी म्हणते.
तीन, तो म्हणतो. कोणाची, ते दोघांनाही आठवत नाही.
कॉलीनने काल कापून घे म्हटलेल्या हिरवळीत
तीन खड्डे. ट्रक दहाला येणार.
मिसेस कोवाल्चिक खिडकीतून हात करते,
डावीकडे. अजून डावीकडे. नाही, तिची डावी.

अवधूत गुडघ्यांवर, प्रवासाच्या पँटवर माती,
कोपरापर्यंत हात आत.
हे फॉर्मवर लिहायला हवं होतं, तो म्हणतो,
अंगणात एक माणूस आहे.

मी घड्याळ बघते.
आणि आत्ताच पायाने बुजवलेला खड्डा
पुन्हा उकरायला घेते.