हात जोडले तर

तेल्शाईच्या तळ्यावरून नोव्हेंबर निघतो
आणि थेट चर्चच्या तळघरात येऊन बसतो, आमच्या वर्गात.
रेडिएटरवर लोकरीचे तेरा हातमोजे वाळत घातलेले,
चौदावा व्हाकारिसचा, तो कायमचाच हरवलेला.
आणि सात मुलं.
वर घंटा वाजते तेव्हा
बाकाच्या लाकडातून त्यांच्या मांड्यांना कळते,
कानांना नाही.

पुस्तकात चित्र होतं:
गुबऱ्या गालांचा मुलगा, हात जोडलेले, डोळे मिटलेले.
मी ते फळ्याला टोचलं आणि बोटांनी म्हटलं
(माझी बोटं बोबडीच, मोठेपणी शिकलेली)
असं बसायचं.
हात जोडायचे, डोळे मिटायचे,
मग देवाशी बोलायचं.

स्काइस्ते सहा वर्षांची.
तिनं हात जोडले. लगेच सोडवले.
"हात जोडले तर बोलू कशानं?"
मी काही जुळवाजुळव करायच्या आत
"आणि डोळे मिटले तर
तो काय म्हणाला ते कळणार कसं?"

तीस वर्षं मी हात जोडत आले.
कधी मनातही आलं नाही
की कुणाचं तोंड असं दाबलं जातं.
चित्र काढून घेतलं. एक कोपरा फाटून
टाचणीलाच राहिला.

सिस्टर एउफेमिया म्हणाल्या, फादरना विचारते.
फादर म्हणाले, बिशपना लिहितो.
बिशपांकडून अजून काही आलेलं नाही.

तोवर आम्ही उघड्या डोळ्यांनी सुरुवात केली.
लिएपाचे बाबा नॉर्वेत, मासळीच्या कारखान्यात.
ती म्हणाली, त्यांच्या बोटांना ऊब दे,
रविवारी फोनवर दिसतात तेव्हा गारठून
शब्द अर्धेच येतात.
व्हाकारिसनं आधी हातमोजा मागितला,
मग शेजारचा कुत्रा मरू दे म्हणाला,
मग थोडं थांबून: मरू नको देऊस,
फक्त दुसऱ्या गावी राहायला जाऊ दे.
स्काइस्ते बाकावर चढली.
हात डोक्याच्याही वर नेऊन बोलत राहिली,
कारण वरून बघणाऱ्याला
आमची नुसती डोकीच दिसत असणार.
मी तिला खाली उतर म्हटलं नाही.
बाक डुगडुगत होतं, ते धरून ठेवलं.

डिसेंबरात एकदा, चार वाजता, वादळात वीज गेली.
माझ्यापुरता तो अंधार होता, इतकंच.
त्यांच्यासाठी सगळं जग
एकदम गप्प झालं.
मी सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "घाबरू नका."
कुणाला म्हणाले, कोण जाणे.

मग एक ओलसर हात माझ्या कोपरावरून चाचपडत आला.
त्यानं माझी मूठ उघडली, एकेक बोट,
शेंग सोलावी तशी,
आणि तळव्यावर काही सांगू लागला.
"आज" कळलं. "भाकर" कळलं.
पुढचं बरंच काही मला येत नाही असं होतं.
मला सांगत होती,
की माझ्यातून पलीकडे कुणाला?
विचारायला हात मोकळा नव्हता,
दुसरा कुणीतरी घट्ट धरला होता.

दिवे आले.
माझा तळवा तसाच उघडा,
आणि स्काइस्ते केव्हाच दूर,
व्हाकारिसशी कडाक्याचं भांडत, दहाही बोटांनी.
हातमोजा सापडला होता.
तिच्याच खिशात.